डावे दादाकडे, उजवे माझ्याकडे

धाकटा : ती गोणी उंबऱ्याबाहेरच राहू दे, दादा. आधी आत काय आहे ते सांग.

थोरला : साचे आहेत. बूट करायचे, बाबांचे लाकडी साचे. डाव्या पायांचे सगळे.

धाकटा : आणि ते आज माझ्या दुकानात कशाला?

थोरला : तुला द्यायला.

धाकटा : अच्छा! वहिनी, तुम्ही तरी खरं सांगा. वाटणी झाल्यापासून हा माणूस या गल्लीत फिरकला नाही, आणि आज भर दुपारी गोणी खांद्यावर टाकून दान करायला निघाला?

वहिनी : खांद्यावर मी आणली, भाऊजी. यांनी नुसता रस्ता दाखवला. आधी बसायला तर सांगा, मग करा उलटतपासणी.

धाकटा : बसा त्या स्टुलावर. दादा, मशीनला टेकू नकोस.

वहिनी : शिवायच्या मशीनवर चादर का घातलीय हो?

धाकटा : धूळ बसते.

वहिनी : धूळ म्हणे! कोपऱ्यावरचा चहावाला सांगत होता, संध्याकाळी ती विकत न्यायला माणूस येणार आहे.

धाकटा : बघा! म्हणजे सगळा तपास करूनच आलात. मशीन गेली की दुकान बंद. दुकान बंद झालं की उजव्या पायांचे साचे माझ्या काय कामाचे? ते गोड बोलून उचलायचे आणि घरी जोड्या जुळवायच्या. वा रे वा!

थोरला : मी बूट करणं कधीच सोडलं. तयार बुटांच्या दुकानात विकायला उभा असतो, तुला ठाऊक आहे. साचे जुळवून काय डोक्यावर ठेवू?

धाकटा : मग मला देऊन तुझा काय फायदा?

थोरला : काही नाही.

धाकटा : हे ‘काही नाही’च मला पटत नाही. ज्यानं बाबांच्या आरीचीसुद्धा वाटणी मागितली, तो आज फुकट देतोय?

थोरला : तू काय कमी होतास? मी म्हटलं, साच्यांच्या जोड्या वाटून घेऊ. तर म्हणालास, दादा चांगल्या चांगल्या पळवेल.

धाकटा : पळवल्याच असत्यास.

थोरला : आणि मला वाटलं, तू पळवशील.

वहिनी : म्हणून दोघा शहाण्यांनी एकूण एक जोडी फोडली! डावे यांना, उजवे तुम्हाला. बरोब्बर निम्मे! मी तेव्हा घरात नवी, हसू दाबायला तोंडाला पदर लावून आत पळाले. दोघांचंही अडणार, हे मला कळत होतं, पण मला विचारतंय कोण? आमच्याकडे त्यातला एक साचा दार उघडं ठेवायला लावलाय.

थोरला : ते सांगायची काही गरज होती का?

वहिनी : होती. आणि भाऊजी, तुमचं काय झालं? डावा बूट करता बाजारच्या प्लास्टिकच्या साच्यावर. उजवा फुलासारखा आणि डावा चावतो, असं लोक बोलतात.

धाकटा : ऐकलंत ना? मग हसून घ्या आणि निघा.

थोरला : हसायला नाही आलो रे. ऐक तर. माझ्या दुकानात रोज माणसं येतात. कुणाची बोटं वाकडी, कुणाचा पाय सुजलेला, एका बाईंचा एक पाय दुसऱ्याहून लहान. खोकी उघडून उघडून मी दमतो, एक बूट धड बसत नाही. तशीच परत जातात. ती सगळी तुझ्याकडे पाठवतो. बाबांच्या साच्यांत जवळचा कुठला तरी सापडेल. त्यावर चामड्याचे तुकडे ठोकून माप जुळवायचं, ते तुझ्या हातात आहे. मला कधी जमलं नाही.

धाकटा : आता कौतुक! दादाच्या तोंडून माझं कौतुक, म्हणजे नक्की पाणी मुरतंय. जोडामागे किती हवेत तुला?

थोरला : नको काही.

धाकटा : पाटीवर नाव?

थोरला : तुझंच राहू दे.

धाकटा : म्हणजे माझा जम बसला की येशील. म्हणशील, डावे माझे, काढ अर्धा धंदा.

थोरला : नाही म्हणणार.

धाकटा : का नाही? मी म्हटलं असतं! दादा, उचल गोणी. तू भांडून काही मागितलं असतंस ना, मी ऐकून घेतलं असतं. तुझ्या या भलेपणाची भीती वाटते मला. दुकान जातंय ते जातंय, वर फसलो असं नको व्हायला.

वहिनी : अहो, सांगा ना आता.

थोरला : तू गप्प बस.

वहिनी : मग मी सांगते.

थोरला : नको. मला... बूट हवेत.

धाकटा : काय?

थोरला : एक जोड. मला स्वतःला. शुगर आहे मला. पायाला जखम झाली, भरली, पुन्हा झाली. दिवसभर उभं राहायचं, तेही दुकानातलेच बूट घालून. डॉक्टर म्हणाले, नीट मापाचे घाला, नाहीतर पुढच्या वेळी पाय राहील की नाही सांगता येत नाही.

धाकटा : कुठला पाय?

थोरला : उजवा.

धाकटा : उजवा! म्हणजे तुझ्या मापाचा साचा माझ्या फळीवर पडलाय, आणि तू मला गावभरच्या वाकड्या बोटांच्या कथा ऐकवतोयस?

थोरला : त्या खोट्या नाहीत. पण नुसते बूट मागायला आलो असतो, तर तू म्हणाला असतास, गरज पडली तेव्हा आली भावाची आठवण.

धाकटा : म्हणालोच असतो.

वहिनी : आणि दिले नसतेत?

धाकटा : दिले असते हो, वहिनी! चांगलं सुनावून दिले असते.

वहिनी : मग सुनवा की. त्यांना सवय आहे.

धाकटा : नंतर. दादा, आता सरळ बोलू. दान नको मला. डावे साचे इथे राहतील, गिऱ्हाईक तू पाठवायचं. त्या बदल्यात तुझे बूट मी करणार, झिजले की नवे, जन्मभर. कबूल?

थोरला : जन्मभर म्हणजे कुणाच्या? तुझ्या की माझ्या?

धाकटा : हां! आता माझा दादा बोलला.

थोरला : आणि रविवारी मी इथे येऊन बसणार.

धाकटा : पाळत ठेवायला?

थोरला : हो. चामडं हलकं वापरतोस की काय, बघायला नको?

धाकटा : ये. मीही बघतो, खरंच किती गिऱ्हाइकं पाठवतोस ते.

वहिनी : झालं? आता त्या मशीन न्यायला येणाऱ्याचं काय?

(धाकटा थोरल्यासमोर जमिनीवर बसतो.)

धाकटा : मोजा काढ, दादा. पाय इथे ठेव, माझ्या गुडघ्यावर. ठेव रे, संकोच कसला? वहिनी, तुम्ही जरा दाराशी बसा. तो आलाच तर म्हणावं, आत माप घेणं चाललंय.