बाबा आवाजामागे गेले

शरदिनी : नाशिकच्या म्हणता, आणि नाशिकात राहता कुठे ते मात्र सांगता येत नाही?

कस्तुरी : स्टेशनजवळ. काकू, मी फक्त एवढंच विचारलं की एक म्हातारे गृहस्थ दिसले का. ऐंशीच्या घरातले, अंगात काळं जाकीट, गळ्यात तपकिरी मफलर. माझे वडील आहेत.

शरदिनी : ऐकलं ते. गेले कसे?

कस्तुरी : आंघोळ झाली, त्यांना कोरडे कपडे दिले आणि मी साडी बदलायला आडोशाला गेले. वापस आले तर पायरी रिकामी. तेव्हापासून हा संकठा घाट वरखाली करतेय.

शरदिनी : असं फिरून काय होणार? वर चौकी आहे, चला माझ्याबरोबर. ते लोक भोंग्यावर नाव पुकारतात.

कस्तुरी : चौकीत नको.

शरदिनी : का?

कस्तुरी : नको. मी शोधते. तुम्हाला तकलीफ दिली, माफ करा.

शरदिनी : थांबा. बसा इथे. बसा म्हणते ना. मी दुर्गाघाटावर राहते, सगळा जन्म इथेच गेला. या काशीत लोक आईबापांना सोडून जातात, माहीत आहे? गेल्या थंडीत एक मुलगा आईला इथेच बसवून गेला, ‘चाय लेके आता हूँ’ म्हणून. ती बाई अंधार पडेपर्यंत चहाची वाट बघत होती. आश्रमात जागा मिळेपर्यंत आमच्याकडे राहिली. त्या मुलालाही चौकी नकोच असणार.

कस्तुरी : तुम्हाला वाटतंय मी बाबांना टाकून चाललेय?

शरदिनी : माझं सोडा. पत्ता खोटा, पोलीस नकोत. कोणालाही काय वाटेल, तुम्हीच सांगा.

कस्तुरी : मी कराचीची आहे.

शरदिनी : कुठली?

कस्तुरी : कराचीची. पाकिस्तानातली. यात्रेसाठी जथा आलाय आमचा, वाघा बॉर्डरवरून. हातात कागद आहेत, व्हिसा आहे, चोरून आलेलो नाही. पण जथ्याचे प्रमुख पहिल्या दिवशीच म्हणाले, कोणी वेगळं व्हायचं नाही, आणि बाजारात विचारलं तर नाशिक सांगायचं.

(शरदिनी किंचित बाजूला सरकते. खालून एक नाव जाते.)

कस्तुरी : तुम्ही सरकलात.

शरदिनी : सरकले. खोटं कशाला बोलू. टीव्हीवर रोज जे ओरडत असतात ते बसलेलं असतं डोक्यात. पण मराठी कसं येतं तुम्हाला?

कस्तुरी : लहानपणापासून घरात तेच ऐकलं. पणजोबा रत्नागिरीकडून कराचीच्या बंदरात कामाला गेले होते. फाळणी झाली तेव्हा आजोबा म्हणाले, नोकरी इथे, घर इथे, जायचं कुठे? राहिले. पूर्वी पुष्कळ मराठी होते म्हणतात. आता थोडीच घरं आहेत.

शरदिनी : आणि चौकीत गेलं तर काय होईल?

कस्तुरी : कदाचित काहीच नाही. कदाचित सगळ्या जथ्याची चौकशी. संध्याकाळी हरिद्वारची गाडी आहे, एक माणूस कमी भरला तर सगळेच अडकतील. पुढच्या वेळी कोणाला व्हिसा मिळेल न मिळेल. आमच्यात अशा बायका आहेत काकू, ज्यांनी या एका आंघोळीसाठी वर्षानुवर्षं अर्ज केलेत.

शरदिनी : वडिलांकडे फोन?

कस्तुरी : इथलं सिम आम्हाला मिळत नाही. खिशात रुमालाशिवाय काही नाही त्यांच्या. आणि त्यांना खोटं बोलता येत नाही. कोणी विचारलं तर सरळ कराची म्हणतील. कोणापुढे म्हणतील, तो काय करेल, याचीच घबराट होतेय मला. मघापासून सारखं नदीकडे बघवत नाही, आणि गल्लीकडेही बघवत नाही.

शरदिनी : पाण्यात नाही गेले. नाववाले उभे आहेत इथे, माणूस पडला तर कळतं. तू मला एक सांग, काशीत आल्यापासून त्यांचं मन कशात लागलं होतं? देवळात? बाजारात?

कस्तुरी : कशातच नाही. आई गेल्यापासून असेच आहेत. घरात मराठी बोलायला माणूस उरला नाही त्यांना. माझी मुलं उर्दूत जवाब देतात. मीसुद्धा शाळेतून थकून आले की उर्दूच बोलते. आज पाण्यात उभे होते तेव्हा म्हणाले, कस्तुरी, कोणीतरी मराठी बोलतंय. मी म्हटलं, कान वाजतायत तुमचे, डोकं पुसा आधी.

शरदिनी : कान नव्हते वाजत. अगं, इथून पुढे दुर्गाघाटापर्यंत आमचीच माणसं आहेत. आज शुक्रवार, बायका संकठादेवीला येतात आणि गप्पा मारत घरी जातात.

कस्तुरी : म्हणजे बाबा त्यांच्या मागे...

शरदिनी : ऊठ. पिशवी दे इकडे. आणि जपून चढ, पायऱ्या निसरड्या आहेत.

कस्तुरी : तुमचं दर्शन राहिलं असेल.

शरदिनी : देवी कुठे जात नाही. ए मुकुल, जरा सुनो तो भैया. एक बुजुर्ग देखे क्या? काला जाकिट, भूरा मफलर... हाँ, हमारे घर के हैं... किधर?... किसके साथ?... अच्छा, ठीक है. चल गं, या फुलवाल्याने पाहिलंय. दोन बायकांच्या मागून रामघाटाकडे चालले होते. त्याला वाटलं, त्यांच्याच घरचे.

कस्तुरी : तुम्ही त्याला आमच्या घरचे म्हणालात.

शरदिनी : मग काय कराचीचे म्हणू? पाय उचल. थांब, रामघाटावर मैत्रीण राहते माझी, तिला फोन लावते. मैत्रेयी, मी शरदिनी. देवीला आली होतीस का?... सुमेधाबरोबर? बरं, जाताना तुमच्या मागून कोणी म्हातारे... काय?... तुझ्याकडे?... कधीपासून?... अगं हो, त्यांचीच मुलगी आहे माझ्याबरोबर. हलू देऊ नकोस त्यांना. आलोच.

कस्तुरी : काय म्हणाल्या?

शरदिनी : आहेत. रामघाटावर तिच्या घरी बसलेत. पोहे खातायत.

कस्तुरी : पोहे.

शरदिनी : खाली नको बसूस गल्लीत, मागून गाय येतेय. रड, पण चालताचालता रड. हात धर माझा.

कस्तुरी : मी सकाळपासून तोंडात पाणी नाही घेतलं काकू.

शरदिनी : तिथे घे. हे काय, आलंच घर. वाकून ये, चौकट ठेंगणी आहे.

रत्नाकर : आलीस कस्तुरी? ये. या मैत्रेयीबाई आत गेल्यात तुझ्यासाठी चहा टाकायला. बस अशी उन्हात.

कस्तुरी : बाबा, मी मरायची राहिले.

रत्नाकर : हो, चुकलं माझं. तुला हाक मारणार होतो. पण तेवढ्यात त्या दोघी वळल्या असत्या आणि आवाज गेला असता. एक दुसरीला सांगत होती, मेल्याने सगळी जून मेथी गळ्यात मारली. तुझी आई भाजीवाल्याला अगदी असंच म्हणायची. तेवढं कानावर पडलं आणि पाय निघाले. इथे दाराशी पोचलो तेव्हा कळलं की परत जायची वाट काही माहीत नाही.

कस्तुरी : यांना काही बोलला नाहीत ना?

रत्नाकर : कशाबद्दल?

कस्तुरी : कुठून आलो ते.

रत्नाकर : सांगितलं की. त्यांनी विचारलं.

कस्तुरी : मग?

रत्नाकर : मग दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मलाही जरा भीती वाटली. उठावं की काय अशा विचारात होतो, तर या मैत्रेयीबाई म्हणाल्या, कराचीत मटकी मिळते का हो? मी म्हटलं, मिळते, पण मोड धड येत नाहीत. त्या म्हणाल्या, इथे थंडीत तेच रडगाणं, मी फडक्यात बांधून कणकेच्या डब्यात ठेवते. तिथून बोलणं सुरू झालं ते चालूच आहे. या कोण?

कस्तुरी : या शरदिनीकाकू. यांनी शोधलं तुम्हाला.

रत्नाकर : फार उपकार झाले. तुमचं मूळ गाव कोणतं?

शरदिनी : सांगायला वाईजवळ एक गाव आहे काका, पण बघितलंय कोणी? पुण्याला लग्नाला गेलं की तिथली मुलं हसतात, म्हणतात काकू, तुमची मराठी हिंदीसारखी लागते.

रत्नाकर : मग आमची उर्दूसारखी लागत असेल.

शरदिनी : तुमची नाही. हिची लागते.

कस्तुरी : लागू द्या. आज काहीही चालेल मला.

रत्नाकर : मला एकदा रत्नागिरी बघायची होती. पण व्हिसावर ज्या गावांची नावं तिथेच जायचं. म्हटलं, राहिलं आता. तरी आज मेथीवरून बोलणं ऐकलं, पुष्कळ झालं.

शरदिनी : चहा संपवा आणि निघा. रामघाटावरून नाव करून देते, दशाश्वमेधला उतरा. गल्ल्यांतून नको, परत कोणाच्या तरी मागे जाल. तुम्ही उतरलात ती धर्मशाळा तिथून जवळच ना?

कस्तुरी : हो. प्रमुख ओरडतील.

शरदिनी : ओरडू देत. सांगा, काका थंडीने कुडकुडले म्हणून एका घरी बसलो होतो. गाडी तर चुकणार नाही ना तुमची.

कस्तुरी : नाही. पुष्कळ वेळ आहे. मघाशी वाटत होतं, जगातला सगळा वेळ संपला.

रत्नाकर : मैत्रेयीबाई, येतो मी. ते कणकेच्या डब्याचं घरी करून बघू.

शरदिनी : चला. काका, खांद्यावर हात ठेवा माझ्या. ही नाव. तू आधी चढ कस्तुरी, मग त्यांना घे. असं. मधल्या फळीवर बसा.

कस्तुरी : काकू, तुमचा नंबर मागणार होते.

शरदिनी : मग माग.

कस्तुरी : नको वाटतं. कराचीहून फोन आला, उद्या कोणी तुम्हाला विचारलं, ही बाई कोण, हिचा तुमचा काय संबंध, तर तुम्हाला उगाच त्रास.

शरदिनी : घे लिहून. नऊ चार पाच...

कस्तुरी : खरंच कोणी विचारलं तर?

शरदिनी : तर सांगेन, ओळखीची आहे.