नकाशातलं वळण

नाही, पण मी म्हणते, वळण कशाला हवं होतं? घराच्या आत वळण! रस्त्याला असतं, खाडीला असतं, तिथे शोभतं ते... पण घरात? तुम्हांला सांगते, आमच्या जुन्या घरात पुढच्या दारात उभं राहिलं की मागच्या दारातली विहीर दिसायची. ओटी, माजघर, मागची पडवी, सगळं एका रेषेत. वारासुद्धा न विचारता आत यायचा नि न थांबता जायचा. आणि आमच्या महिपतने... महिपत म्हणजे माझा मुलगा, मुंबईला गोदीत असतो... त्याने कुठूनसं घरांच्या नकाशांचं पुस्तक पैदा केलं! गुळगुळीत कागद, पानापानावर बंगला, बंगल्यापुढे हिरवळ, हिरवळीवर एक बाई हसत उभी. मी म्हटलं, 'ही हसतेय कशाला रे? हिच्या घरात मासळी कापायची कुठे, ते तरी ठाऊक आहे का हिला?' तर म्हणतो कसा, 'आये, तुला काय कळतंय त्यातलं! पुस्तकात तसंच आहे!'

मला काय कळतंय! अरे मेल्या, शाळेची पायरी नाही चढले मी, पण सुकट बांधून द्यायच्या रद्दीवर एकेक अक्षर जुळवत वाचायला शिकले. गिऱ्हाइकं खोळंबायची, म्हणायची, 'काकी, सुकट देतेस की आधी बातमी संपवतेस?' बातमी संपवायची मी! तर ते पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. ह्याने नाही हो! ह्याने एकच पान बघितलं, तेही चित्राचं. त्यात हॉल होता, झोपायच्या खोल्या होत्या, आणि पुढे गाडी ठेवायला पोर्च. गाडी! आमच्याकडे होडी, ती पण अर्धी दिराची! मी विचारलं, 'बाबा, ओटी कुठे ह्यात? तुझा बाप पडणार कुठे?' पुस्तकात ओटी नव्हती. मग आमच्या घरालाही राहिली नाही.

आता हे... म्हणजे आमचा म्हातारा. जन्मभर तांडेल, होडीचा मुख्य. पूर्णगडच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा आहे, भल्याभल्यांची होडी टेकते तिथे. ह्यांनी जन्मात कधी टेकवली नाही. पुढे कमरेखाली लुळे पडले, तरी ओटीवरच्या बाजेवरून खाडी बघायचे. कोण आला, कोण गेला, कोणी जाळं चुकीचं टाकलं... तिथून शिव्या! त्या शिव्यांवरच जगत होता हो माझा म्हातारा!

आणि नवं घर झाल्यावर? 'आजारी माणूस हॉलमध्ये बरा दिसत नाही, आये.' म्हणून पार शेवटच्या खोलीत. आधी हॉल, मग अरुंद बोळ, बोळाच्या टोकाला कोपर दुमडल्यासारखं वळण, आणि मग खोली. खिडकी कुठे, तर उंच, छताखाली! 'आतलं बाहेरच्याला दिसायला नको.' अरे, पण आतल्याला बाहेरचं? 'पुस्तकात तसंच आहे!'

मग हे आतून ओरडायचे, 'पाणी कुठवर आलं गो?' मी बोळातून बाहेर, बघून पुन्हा बोळातून आत, 'आप्पाच्या माडापर्यंत!' जरा वेळाने पुन्हा, 'पाणी कुठवर आलं गो?' पाय दुखायचे हो... पण विचारायचे तोवर बरं होतं. एक दिवस मीच जाऊन सांगितलं, 'भरती लागली.' भिंतीकडे तोंड करून म्हणाले, 'लागू दे. माझं काय अडलंय.'

झालं. शिमग्यानंतर एका दुपारी गेले.

अग्नी द्यायला मुलगा हवा, मुलगा मुंबईला. तार केली. महिपत यष्टीने सकाळी पोचला, तोवर ह्यांचं अंग लाकूड झालेलं. अंगणात तिरडी बांधून तयार. रामा, मोरू, भिकाजी, सगळे ह्यांच्याच होडीवर वाढलेले, ते आत आले, उचललं, निघाले... आणि वळणावर अडकले! डोकं वळलं तर पाय येईनात, पाय आले तर डोकं भिंतीला. 'अरे, जरा आडवं घे!' 'आडवंच आहे रे रामा, आणखी आडवं कसं करू?' 'मागे घ्या, मागे घ्या!' होडी वळवल्यासारखे ओरडत होते मेले! भिकाजी म्हणाला, 'खिडकीतून काढूया.' तर खिडकीला ग्रिल! मिरजोळ्याच्या कारखान्यात मुद्दाम बनवून घेतलेली, दोन मोर तोंडाला तोंड लावून. बाहेर शेजारची तुळसा गळा काढून, 'तांडेला, घर सोडवत नाही रे तुलाऽऽ!' मी आतून ओरडले, 'गप गो! त्यांना केव्हाचं सुटायचंय, भिंत सोडत नाहीये!'

ज्याची होडी कधी टेकली नाही, तो माणूस स्वतःच्या घरात टेकला!

मी महिपतकडे वळले. 'आण तुझं पुस्तक. दाखव, हे कुठल्या पानावर आहे?' खाली मान. पहिल्यांदाच बोलला नाही हो, पुस्तकात तसंच आहे म्हणून.

मग मीच म्हटलं, 'ह्यांना उभं करा.' मोरू म्हणाला, 'काकी, मेल्या माणसाला कोणी उभं करतं का गो?' म्हटलं, 'करा म्हणते ना! पाप लागलं तर मला लागू दे.'

केलं. एका बगलेत रामा, दुसऱ्या बगलेत महिपत. किती वर्षं पाय जमिनीला न लागलेला माणूस, तुम्हांला सांगते, उभ्याने घराबाहेर निघाला! वळण पार, बोळ पार, हॉल पार... दारात आले, तर तोंड नेमकं खाडीकडे. मी म्हटलं, 'थांबा.' थांबले. मी जवळ गेले, कानाशी सांगितलं, 'भरती आहे हो. आप्पाच्या माडापर्यंत.' महिपत असा रडला, असा रडला... मी नाही रडले. पाणी चढत होतं ते बघत राहिले. कोणीतरी बघायला हवं होतं ना?

तेरावं झालं नि मी माझी वाकळ उचलून पोर्चमध्ये आणली. सून म्हणाली, 'आई, लोक काय म्हणतील आम्हाला?' महिपत म्हणाला, 'आये, आत चल गो. ती गाडीची जागा आहे. पुस्तकात...' आणि जीभ चावली.

मी म्हटलं, 'का थांबलास? बोल की! मी ते चित्र नीट बघितलंय. गाडी कशी उभी आहे तिथे? तोंड फाटकाकडे करून, कधीही निघेल अशी.' म्हणून मीही तशीच पडते, पाय फाटकाकडे करून. मध्ये भिंत नाही, बोळ नाही, उभं करायला नको कुणाला. काय करणार, सांगा... पुस्तकात तसंच आहे!