काळी तीन आणि रुपाचं लगीन

(खांडबाऱ्यात स्टेशनकडे जाणारा रस्ता, भर दुपार. बँडच्या गाडीवर नवनीत कीबोर्ड वाजवतोय, आणि खाली वरात केव्हाची एकाच पानटपरीसमोर नाचतेय. गाणं संपल्याशिवाय वरात पुढं सरकत नाही, आणि वाजतं गाणं मधेच तोडायचं ते फक्त समोरून मयत आली तरच. म्हणून बँडमालक दाऊदभाई बिचारे गाडीला लोंबकळून विनवण्या करतायत.)

दाऊद: ...संपाड म्हनी ऱ्हायनू ना मी. नवरदेव घोडावर झोपी गया.

नवनीत: चाचा, पांढरी चारवर आलोय. आता बोलू नका.

दाऊद: शाळानी भाषा मन्हासंगे नको. एकच गानं कितला डाव वाजाडशी?

नवनीत: पेटीच्या बाराही पट्ट्यांतून एकेकदा. जॅझ पियानोचा रियाज असाच असतो. चुकलं की पुन्हा पांढरी एकपासून.

दाऊद: नी तू चुकस.

नवनीत: काळी तीनवर. दरवेळी तिथंच बोट अडकतं.

दाऊद: हाई जॅझ म्हंजे शे तरी काय?

नवनीत: ठरलेलं काही नसतं. आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचं.

दाऊद: मंग इतली घोकंपट्टी कसाले?

नवनीत: सुचलेलं बोटांना यायला नको का?

दाऊद: ते घर जाईसन कर ना.

नवनीत: घरी कशावर करू? हा कीबोर्ड तुम्ही कुलपात ठेवता. उद्या सुरतच्या हॉटेलात पियानोवाल्याच्या नोकरीची परीक्षा आहे, चाचा. ते म्हणतील ती पट्टी वाजवायची. काळी तीन म्हणाले तर मी परत कळसाडीला, उसाला पाणी द्यायला. ...गेलं. चुकलं. पांढरी एक.

दाऊद: या अल्ला. तू पट्टी बदलस नी नाचनारास्ले वाटस नवं गानं लागनं. नवरदेवना मामा देख, दम खाईसन आखो नाचाले उठना.

जमनाबाई: दाऊदभाऊ, मी नवरीनी मावशी, जमनाबाई. मांडवमाईन पायी उनू. मुहूर्त निघी चालना नी तुम्ही आठेच?

दाऊद: मन्हा हातमा काय नही, जमनाबाई. हाऊ पोऱ्या गानं संपाडस नही.

जमनाबाई: मंग तोडा.

दाऊद: तोडू? तुम्हना याही, नवरदेवना बाप, म्हनतीन, दाऊदनी लगीनमा मयत करी.

जमनाबाई: नको रे बाबा. ए पोऱ्या, कितलं उरनं?

नवनीत: बोट नीट पडलं तर थोडंच, मावशी.

जमनाबाई: नी नही पडनं त?

नवनीत: मग पहिल्यापासून.

जमनाबाई: बरं. वरात मांडवमा येस नही, त मी रुपालेच आठे लई येस. भटजीले स्कूटरवर बसाडस.

दाऊद: सडकवर लगीन?

जमनाबाई: सडकले काय झायं? टपरीनी सावली शे. अंतरपाट धराले मातर तुम्हना क्लॅरनेटवाला द्या, तो उंच शे.

दाऊद: तो वाजाडस.

जमनाबाई: मंग झांजवाला द्या.

...

दाऊद: नवनीत, खाले देखू नको. नवरी उनी. भटजी इचारस, मंगलाष्टक कोनती पट्टीमा म्हनू?

नवनीत: पांढरी तीन सांगा. नाही, थांबा, पांढरी चार झाली.

जमनाबाई: भटजीना गळा फाटी चालना. 'सावधान' म्हनताना डोळामा पानी उनं त्यान्हा.

दाऊद: चुप ऱ्हा, जमनाबाई. काळी तीन येस आते.

जमनाबाई: माले काय समजस त्यामानं? तरी अक्षता मुठमा धरी ऱ्हायनू मी.

दाऊद: पडनं. बोट पडनं, जमनाबाई.

जमनाबाई: टाका रे अक्षता.

...

नवनीत: चाचा, बाराही झाल्या. थांबू?

दाऊद: थांब. थांब आते.

जमनाबाई: लागनं बाई लगीन. चला, पंगत बसी ऱ्हायनी. पोऱ्या, तू मन्हाजोडे बसजो.

नवनीत: आलोच, मावशी.

दाऊद: बस जरासा. सुरतवाला तुले लेतीन, नवनीत. माले वाईट वाटी ऱ्हायनं, खोटं कसाले बोलू? तुन्हासारखा वाजाडनार माले भेटाव नही.

नवनीत: भेटी, चाचा.

दाऊद: तठे लोके नाचतस का?

नवनीत: नही. जेवतस.

दाऊद: नी वाजाडनारकडे कोन देखस?

नवनीत: कोनी देखस नही.

दाऊद: मंग तुन्हाकडे देखाले सकाळनी गाडीनं मन्हं बी तिकीट काढ.