टॅपेटचा आवाज

मिस्त्री : तेल बदलायच्या आधी हा आवाज होता का, एवढंच विचारतोय मी. दोघं भाऊ समोर उभे आहात. कोणीतरी एकाने सांगा.

धाकटा : नव्हता. परवा माल उतरवून मी गाडी आणली, तेव्हा इंजिन चालू आहे की बंद ते कळत नव्हतं. काल ह्याने तेल बदलायला घेतलं आणि आज सकाळी धुवायला बाहेर काढली तर हे असं. टिक टिक टिक टिक.

थोरला : मिस्त्री, त्याला सांगा, तेल नेहमीचंच आहे. फिल्टरही नेहमीचाच.

मिस्त्री : चार हातांवर उभा आहे हो तो.

थोरला : सांगा तुम्ही.

मिस्त्री : धाकटे, तेल नेहमीचंच आहे. फिल्टरही. निरोपांची मजुरी मी वेगळी लावणार आहे, आधीच सांगतो.

धाकटा : त्याला विचारा, खालचा नट आवळला का?

थोरला : ही गाडी तो चालवायला शिकला त्याच्या आधीपासून मी तिचे नट आवळतोय, म्हणावं.

मिस्त्री : आवळलाय. मी बघितला, थेंबही गळत नाही. धाकटे, केबिनमध्ये चढा. चालू करा. हां. आता जरा रेस द्या... अजून... सोडा. रेसबरोबर टिकटिक वाढते, रेस सोडली की कमी होते. म्हणजे इंजिनच्या आतलंच काहीतरी आहे. थोरले, तो लांब पेचकस द्या. मूठ कानाला लावून ऐकतो.

थोरला : खाली लावा आधी. बेअरिंग गेलं असेल तर खाली कळेल.

मिस्त्री : खाली शांत आहे. आणि वर, ह्या झाकणावर... अरे बापरे, इथे घड्याळाचं दुकान आहे. टॅपेट वाजतायत, व्हॉल्व्ह उघडणारे. बंद करा हो!

धाकटा : टॅपेट म्हणजे इंजिन उघडायचं?

मिस्त्री : एवढ्यात कशाला?

थोरला : उघडायला वेळ नाही. उद्या सकाळी गिऱ्हाईक येतंय.

मिस्त्री : म्हणजे विकताय खरंच. मी ऐकलं होतं, पण म्हटलं लोक काहीही बोलतात.

थोरला : तो माणूस आधी बोनेटला कान लावतो, मग बाकीचं बघतो. हा आवाज ऐकला तर पायरीवर पायसुद्धा ठेवणार नाही.

धाकटा : आणि तो परत गेला तर आम्ही दोघं पुन्हा ह्याच गाडीला बांधलेले. एक उतरणार, दुसरा चढणार. किल्ली चाकावर ठेवायची, डबा सीटखाली. मला नाही जमणार आता. मिस्त्री, काही करा, पण आजच्या आज करा.

मिस्त्री : करतो. तेलाच्या दाबाचा काटा काय म्हणत होता?

धाकटा : थरथरत होता. एका जागी ठरत नव्हता.

मिस्त्री : ह्या गाडीचे टॅपेट आतून तेलाने भरलेले असतात. तेलाच्या जागी हवा शिरली की ते पोकळ वाजतात. आणि हवा बहुतेक वेळा एकाच कारणाने शिरते, तेल कमी पडलं की.

थोरला : कमी कसं पडेल? मापात भरलंय मी.

धाकटा : तू भरलंस?

मिस्त्री : काय झालं?

धाकटा : तेल तू भरलं होतंस? कधी?

थोरला : मिस्त्री, त्याला सांगा, काल संध्याकाळीच.

मिस्त्री : थांबा जरा, मला तेल मोजायची कांडी काढू दे. पुसली... घातली... ही बघा. वरच्या खुणेच्या चार बोटं वर. आणि हा फेस बघा, कपडे धुतल्यासारखा. कमी कसलं, तेल उतू चाललंय! आतली क्रँक तेलात बुडून नुसती घुसळत बसलीय. तोच फेस वर चढतो आणि टॅपेटमध्ये शिरतो. थोरले, किती ओतलंत?

थोरला : जेवढं लागतं तेवढं. पिंपातून, मापाने.

मिस्त्री : मग बाकीचं काय आभाळातून पडलं?

धाकटा : मी ओतलं. सकाळी.

मिस्त्री : भरलेल्या इंजिनात?

धाकटा : मला काय माहीत भरलेलं आहे ते! खाली जुन्या तेलाची परात, फिल्टर नवा, आणि चाकापाशी तेलाचे दोन सीलबंद डबे. आमच्याकडे बाबांपासूनची पद्धत आहे, जुनं तेल रात्रभर गळू द्यायचं आणि नवं सकाळी भरायचं. मला वाटलं, सकाळी येऊन ह्याने नट लावला आणि भरायचं विसरून तसाच निघून गेला. तसंच चालू केलं असतं तर इंजिन जागेवर बसलं असतं. म्हणून भरलं.

मिस्त्री : आणि कांडी?

धाकटा : रिकाम्या इंजिनात कांडी काय बघायची? दोन डबे ओतले की बरोबर माप होतं नेहमी.

थोरला : ते डबे नव्या मालकासाठी काढून ठेवले होते. गाडीबरोबर द्यायला.

मिस्त्री : अहो, खिशात फोन आहेत ना तुमच्या? “तेल भरलंय”, एवढे दोन शब्द!

धाकटा : ह्याच्या फोनचा अनुभव आहे मला.

मिस्त्री : म्हणजे?

धाकटा : आईला दवाखान्यात नेलं, तेव्हा मी गाडीवर होतो. ह्याने फोन केला. म्हणाला, जरा अशक्तपणा आहे, काळजीचं काही नाही, सावकाश ये. आलो मी सावकाश. वाटेत थांबून पोटभर जेवलो. एका पंपावर गाडी लावून झोपसुद्धा काढली, मिस्त्री. पोचलो तेव्हा तिला गुंडाळून बाहेर आणत होते.

थोरला : त्याला विचारा, भरलेली गाडी घेऊन तो घाट उतरत होता, त्याला काय सांगायला हवं होतं मी?

धाकटा : खरं.

थोरला : खरं सांगितलं असतं तर त्याने कशी हाणली असती गाडी, ते मला माहीत आहे. एका दिवशी दोघांना न्यायची माझी तयारी नव्हती. सांगा त्याला.

मिस्त्री : नाही. हा निरोप मी नाही पोचवणार. परात आणा इकडे, जास्तीचं तेल काढू.

थोरला : धरली. सोडा.

मिस्त्री : हळूहळू... बस. आता बरोबर खुणेवर आहे. फेस बसायला थोडा वेळ द्या, मग चालू करून ठेवा. हवा निघाली तर टिकटिक आपोआप बंद होईल. नाही निघाली, तर झाकण खोलावं लागेल, मग उद्याचं गिऱ्हाईक विसरा. एकाने केबिनमध्ये बसायचं, एकाने पेचकस कानाला लावायचा. मी हात धुऊन येतो.

थोरला : तुम्हीच थांबा ना.

मिस्त्री : माझे हात स्वच्छ व्हायला आज वेळ लागणार आहे.

(मिस्त्री आत गेला आहे. इंजिन चालू आहे.)

थोरला : वाढव.

धाकटा : एवढी?

थोरला : अजून. हां, धरून ठेव.

धाकटा : येतोय?

थोरला : येतोय. पण मघासारखा नाही. एकच वाजतोय आता, मागचा.

धाकटा : काटा ठरलाय. आता?

थोरला : थांब.

धाकटा : सोडू?

थोरला : सोड... गेला.

धाकटा : नक्की?

थोरला : गेला.

धाकटा : मागच्या टॅपेटवर परत लाव कान. तो लपतो कधीकधी.

थोरला : सगळीकडे लावला. दोनदा. काही नाही.

धाकटा : म्हणजे घेणार तो.

थोरला : घेणार. अशी गाडी कोण सोडतंय?

धाकटा : किल्ली तू दे त्याला. मी नसेन इथे.

थोरला : दोघांच्या सह्या लागतात.

धाकटा : मग सही करून जाईन.

थोरला : बरं.

धाकटा : तुझ्या बाजूने ऐकू येतंय का काही?

थोरला : नाही. एकदम मऊ चाललीय. बंद कर आता, उगाच डिझेल जळतंय.

धाकटा : जळू दे जरा.