मास्तरच्या पायातला खिळा

आमचं गाव बोरी अरबच्या अलीकडं, बाप कापूस पेरे, आमी भाऊ तिघं अन् वावर तेवढंच, म्हनून मी छप्पन साली यवतमाळले आलो अन् चपला-बुटाच्या दुकानात लागलो. बुढा म्हने, लोकायचे पाय धरतं का रे आता? मी म्हनलं, धरत नाई बाबा, जोडा घालतो. पन काय सांगू बाई तुमाले, धराच लागे. गिऱ्हाईक बाकावर, आपन खाली स्टुलावर, त्याचा पाय आपल्या मांडीवर. लग्नसराईत जेवाले टाइम नाई, अन् बाकीच्या दिवसात माश्या मारत बसा, मंग शेठजी सगळ्यायवर खेकसे. तरी मले काम आवडे. पाय पाह्यला का नंबर सांगो मी.

दुकानात लागून पाच-सहा वर्सं झाले असन, शाळेतले एक तरने मास्तर आले. वैशाखात लग्न होतं त्यायचं, नवरदेवाचा बूट पायजे म्हने. मी काळा बूट घातला त्यायच्या पायात, ते उठले, दुकानात हिंडून राह्यले, हासून राह्यले, एकदम बरोबर बसला म्हने. मी बूट काढाले गेलो त मोजा लाल. आतून खिळा वर आलता अन् तो तळपायात रुतलता. मी म्हनलं, मास्तर, दुखलं नाई? ते म्हने, काय दुखलं?

मले भेवच वाटलं. माह्या मावशीचा नवरा असाच, निखाऱ्यावर पाय पडला तरी त्याले कळे नाई. रगतपिती निंगाली, म्हंजे महारोग, बोटं झडले, गावानं त्याले दूर वावराच्या टोकाले झोपडीत ठेवलं. मी हळूच म्हनलं, मास्तर, सरकारी दवाखान्यात दाखवा, आजच. त्यायले समजलं. माहा हात धरून म्हने, कोनाले सांगू नको, नौकरी जाईन. तेवढ्यात शेठजी आले, रगत पाह्यलं, काय झालं रे? मी म्हनलं, माही चुकी, खिळा पाह्यला नाई. मंग काय, गिऱ्हाइकायसमोर झाडलं मले, आठ दिवस घरी बस म्हने.

घरी बसलो त भेव अखीनच वाढलं. ते रगत माह्या हाताले लागलं होतं न. पोरगी सहा महिन्यायची, तिले उचलो नाई, ताट येगळं घेओ. उन्हात उभा राहून आंगावर चट्टा पाहो, सुई टोचून पाहो, दुखलं का बरं वाटे. बायको म्हने, काहून लेकराले हात लावत नाई तुमी? चौथ्या दिवशी सांगून टाकलं. तिलेबी भेव वाटलंच असन. मंग पोरगी आनून माह्या मांडीवर ठेवली अन् म्हने, जे व्हाचं ते सगळ्यायले होईन.

दोन वर्सानं मास्तर आले. लग्न मोडलं होतं, त्यायनं सोताच नवरीच्या बापाले सांगतलं होतं. पन गोळ्या चालू होत्या, पाय शाबूत होता, शाळाबी होती. बाकावर बसले त पाय पुढं करे नाईत. म्हने, डाक्टर म्हनते आता माह्यापासून कोनाले होत नाई, तरी बूट मीच घालतो. मले भेव होतंच, खोटं कायले सांगू. तरी पाय मांडीवर घेतला, अन् पह्यले बुटात बोट फिरवून पाह्यलं.

आता ते दुकान नाई, माहे गुडघे वाकत नाईत. मले काई झालं नाई, देवाची मर्जी. पन भेव गेलं का म्हनान त नाई गेलं बाप्पा, त्याच्यासंगंच म्हातारा झालो. सुखी राहा बाई तुमी, च्या घेतल्याबिगर जाऊ नका.