सासूबाईंचं नाक

आणि लागोपाठ तिसऱ्या दिवशी तेच चार जिने! लिफ्ट बंद, हातात अर्ध्या लिटरची तेलाची बाटली, श्वास नाकातून येतोय की कानातून ते कळत नाही, आणि वर सासूबाई दार उघडून म्हणतात काय, "आलात? हळू यायचं की, कुणी मागे लागलंय का?" मागे लागलंय म्हणजे? अहो, सगळा कारखाना मागे लागलाय!

तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मी बियांचं तेल काढतोय. तेलातलं मला कळतं! भोपळ्याचं बी दाबलं की निघायचं तेवढं तेल निघतं, उरलेलं पेंडीत दडून बसतं. ते विरघळवून बाहेर ओढायला सॉल्व्हंट लागतो. आमचा जुना सॉल्व्हंट पेट्रोलच्या भावकीतला. कामाला चोख, पण हवेत विष, आगीची धास्ती, आणि कारखान्यातल्या एकूणएक माणसाचं नाक बाद. माझं तर सर्वांत आधी! मग ही म्हणाली, ही म्हणजे माझी बायको, कारखान्यातलं एकमेव चालू नाक, म्हणाली, "संत्र्याच्या सालीतल्या अर्काचा सॉल्व्हंट मिळतो म्हणे, तो बघा ना वापरून. रसवाले साली फेकूनच देतात." धाकटा भाऊ टेबलावर हात आपटून हसला. पण जमलं की! फक्त एक खोड… जुना सत्तर डिग्रीला निमूट उडून जायचा, हा पावणेदोनशेशिवाय हलत नाही. लग्नाचा पाहुणा परवडला! बंद भांड्यातली हवा काढून, वाफ सोडून, अक्षरशः विनवण्या करून घालवायचा. आणि गेला की नाही, ते ही हुंगून सांगायची.

ही गेली त्याला चौदा महिने झाले.

आता हुंगणार कोण? इतके दिवस प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर भागवलं, पण तो येतो आठ दिवसांनी, आणि तान्ह्या बाळांचं क्रीम करणाऱ्या गिऱ्हाईकबाई शुक्रवारी चारला हजर. "वास आला तर ऑर्डर नाही हं! बाळ आहे ते, सरबत नाही!" इकडे भाऊ जुन्या सॉल्व्हंटचं पिंप पुसून तयार. "दादा, शुक्रवारी नापास झालं तर सोमवारपासून जुनं सुरू. वहिनीचं खूळ पुरे."

खूळ म्हणाला! तेव्हा मला एकच नाक आठवलं, हिचं जिथून आलं होतं ते. चौदा महिन्यांत त्या घरी गेलो नव्हतो. का, ते विचारू नका.

बुधवारी गेलो. सासूबाईंनी बूच काढलं, हुंगलं. "येतोय. वाळल्या सालीचा. बसा, चहा टाकते." पटलं! भांडं आणखी सहा तास चालवलं. गुरुवारी पुन्हा वर. "कमी आहे, पण येतोय. बसा, चहा टाकते." बसलो. ही शाळेत असताना दूध नासलेलं जिन्यातूनच ओळखायची, ते ऐकलं. मग पुन्हा भांडं, पुन्हा वाफ… तेलातलं मला कळतं, एवढ्या वाफेत माझा भाऊसुद्धा उडून गेला असता!

शुक्रवार, दुपारचे दोन. आज चहा आधीच ओतून ठेवलेला. दोन कप. सासूबाईंनी बाटली घेतली, नाकाशी नेली, डोळे मिटले… "येतोय हो अजून. थोडासा. बसा."

संपलं! म्हटलं, सोमवारी ते पिंप उघडणार! बाटली परत घेतली आणि बघतो तर… बूच! घट्ट! त्यावर मी लावलेली चिकटपट्टीसुद्धा जशीच्या तशी!

बोलणार होतो. तोंड उघडलंही होतं.

"साखर कमी पडली का?"

"नाही आई. बरोबर आहे."

चहा प्यालो, आणि तीच बाटली चार वाजता बाईंपुढे ठेवली. बिनधास्त! तेलातलं मला कळतं! बाईंनी हुंगलं, मनगटावर चोळलं, परत हुंगलं. "कसलाच वास नाही हो! पहिले दोनशे लिटर कधी देता?" भाऊ लगेच, "वहिनीचं डोकंच तसं होतं!" लबाड!

म्हणजे काम झालं, नाही का? मग बाटली न्यायचं कारणच काय? तरी शनिवारी नेली. सोमवारी नेली. काल तर घाईघाईत रिकामीच नेली! सासूबाईंनी ती उजेडात धरली, नाकाशी नेली, चांगला वेळ घेतला…

"येतोय हो अजून."

काय करता! म्हटलं, "हो ना आई, मलाही येतोय. उद्या परत आणतो."