सेहेचाळीस की अठ्ठावन्न

हॅलो?… हो, हेडविगच बोलतेय, माझ्या गॅरेजात दुसरं कोण उचलणार?… सिक्स्टन, अरे हळू. आधी श्वास घे. कुठे आहेस तू?… स्टुरेकाकांच्या दुकानात? अजून? नऊला निघाला होतास ना घरून?… सायकलवर. बायकोच्या, तूवाच्या सायकलवर, चौदा किलोमीटर. धन्य आहे.

किती वाजले तिकडे?… बाराला वीस कमी. अरे बाबा, आजपासून मिडसमरच्या सणाची सुट्टी. बाराच्या ठोक्याला काका कुलूप लावणार, बोटीत बसणार, ते थेट सोमवारी उगवणार. टर्बो उचल आणि ये. तुझी वॅगन गाडी इथे लिफ्टवर टांगलीये, टर्बोच्या जागी नुसतं भोक दिसतंय…

दोन आहेत म्हणजे? मी एकच सांगितला होता. चिठ्ठीवर लिहून दिला होता. खिशात आहे ना चिठ्ठी?… मग काढ. काय लिहिलंय?… सेहेचाळीस. हो, मिलिमीटरच, हवा ओढणाऱ्या चाकाचं माप. मग अडलं कुठे?… अठ्ठावन्नचाही आहे. आणि दिसायला छान आहे. माहितीये मला कसा दिसतो, दोन वर्षं त्या काचेच्या कपाटात धूळ खातोय. आज खास तुझ्यासाठी पुसला असेल.

थांब हं, नवरा हाक मारतोय… रागनार, बटाटे तू बघ, मी आलेच… हं, बोल.

चारशे घोड्यांची ताकद… देईल की, नाही कोण म्हणतंय? पण कधी देईल, ते विचारलंस?… नाही, ऐक. ऐक रे. टर्बो म्हणजे काय, इंजिनाच्या धुरावर फिरणारी भिंगरी. भिंगरी मोठी केलीस की तिला फिरवायला धूरही ढीगभर लागतो. तुझ्या इंजिनावर तो अठ्ठावन्नवाला, मिनिटाला चार हजार फेऱ्या होईपर्यंत झोपून राहणार. मग एकदम उठणार, लाथ घातल्यासारखा. लहान मात्र अडीच हजारालाच उठून बसतो… हो, वर दमतो. पाच हजारांच्या पुढे धापा टाकतो, कबूल. पण तू रोज किती वेळ असतोस पाच हजारांच्या वर?… खरं सांग… तेच म्हणते मी.

माझ्याकडे होता म्हणूनच सांगतेय ना. क्लबच्या ताकद मोजायच्या रोलरवर तीनशे ऐंशी घोडे निघाले, फळ्यावर माझं नाव अजून सगळ्यात वर आहे. आणि त्याच दिवशी घरी येताना? एका घराएवढ्या कॅम्परगाडीच्या मागे पंधरा किलोमीटर. पाय दाबला की नुसती शिट्टी. जोर येईपर्यंत वळण यायचं, वळण संपलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यांचा कुत्रा मागच्या काचेतून माझ्याकडे बघत बसला होता… नाही, कुणालाच सांगितलं नाही. फळ्यावर कुत्र्याचा रकाना नसतो.

काय?… कागदावर हिशोब केलास. बघू, सांग… मोठ्या टर्बोनं बावन्न मिनिटांत इस्पितळ. अरे, एकशे दहा किलोमीटर आहेत… हो, आपल्याकडचं प्रसूतिगृह बंद केलं, मलाही राग आहे त्याचा, पण तो राग टर्बोत कुठे भरतोस? नदीकाठच्या त्या रस्त्यावर वेग पकडणारे कॅमेरे किती?… मोजलेस? अकरा. मग कुठे पळवणार आहेस चारशे घोडे?

अरे, जोर तुला एकदाच लागणार आहे. समोर कॅम्पर, तू ऐंशीनं तिच्या मागे, शेजारी तूवा कळा सोसतेय. आणि तेवढ्यात रस्ता सरळ होतो, समोरून कुणी नाही. त्या वेळी पाय दाबलास की गाडीनं लगेच ओ द्यायला हवी. तीन मोजून नाही. तीन मोजेपर्यंत समोरून दुसरी आलेली असते… बायको आणि बाळ आहे रे तुझं त्या गाडीत. माझ्या भावाची बायको आहे.

दे, काकांना दे फोन.

काका, हेडविग. हो, तुम्हालाही, सुट्टी छान जावो… अठ्ठावन्न देऊ नका त्याला… गिऱ्हाईक आहे, खरंय. पण तेवढं पेट्रोल सोडणारे इंजेक्टर नाहीत त्याच्याकडे, क्लचही टिकायचा नाही… तेही आहेत तुमच्याकडे. असणारच… काय? पैसे तीनदा मोजले?… कॉफी दिलीत ती सांडली. हं… नाही, बरं केलंत सांगितलंत ते. द्या त्याला परत.

सिक्स्टन, जरा दुकानाबाहेर ये… आलास? काय झालंय? तूवाला कळा सुरू झाल्यात का?… नाही ना. अजून तीन आठवडे आहेत, मी मोजतेय. मग?… कसला वर्ग?… हां, दाईबाईंचा, मंगळवारचा. बाळ वाटेतच आलं तर काय करायचं, तो. तूवा सांगत होती, टॉवेल, टोपी, सगळं देतात म्हणून… उठून गेलास?… कधी, सरावासाठी बाळाची बाहुली काढल्यावर?… आणि परत आत गेलाच नाहीस… तूवाला काय सांगितलंस?… पोट बिघडलं. बरं.

म्हणजे गाडी इतकी जोरात पळवायची, की ते शिकायलाच लागू नये… असंच ना?… बोल ना… हो, ऐकू येतंय मला. रड. काकांनी बघितलं तर बघू दे.

मलाही भीती वाटते रे. तुला काय वाटलं? महिनाभर झाला, फोन वाजला की हातातला पाना पडतो माझ्या. आत्ताही पडला, पायावर.

आता नीट ऐक. गाडी मी चालवणार… हो, मीच. पहाटे असो, भरदुपारी असो, उचलायचा फोन आणि मला सांगायचं… तुझीच आहे गाडी, कोण नेतंय? पण तू मागे बसायचं, तूवापाशी. रस्त्याकडे बघायचंसुद्धा नाही… आणि बाळ वाटेत आलंच, तर मी गाडी कडेला घेईन, हीटर पूर्ण वाढवीन, बाळाला धरायला तू असशील. माझे हात स्टीअरिंगचे आहेत, त्यांच्यावर अवलंबून राहू नकोस… म्हणून ते तूच शिकायचं. सोमवारी दाईबाईंना फोन कर… ओरडणार नाहीत रे. ओरडल्या तर ऐकून घे.

किती वाजले?… चार कमी? मग बाहेर काय करतोस? जा आत… दार लावतायत? पाय घाल मध्ये. पाय घाल रे… हं. सांग आता काय हवंय ते, मोठ्यानं, मला ऐकू येईल असं… सेहेचाळीस. गॅस्केटही माग, दोन. आणि तेलाच्या नळीचे वॉशर… मिळालं? सगळं? हातात आहे?… बरं.

नाही, सायकलनं येऊ नकोस, या अवस्थेत नाहीच. मी व्हॅन घेऊन निघते… जेवण थांबेल, हेरिंग मासळी कुठे पळून जातेय? वाटेत तूवाला घेते… नाही, वर्गाचं मी सांगणार नाही तिला. तू सांगायचंस, आजच… हो, असेन मी तिथे. बाजूलाच असेन…

आता ठेवते… सिक्स्टन, ठेवते म्हटलं… अरे, ठेवल्याशिवाय निघू कशी मी? या फोनला वायर आहे.